जिराफाचें पाणी पिणें

जिराफाच्या लांब मानेचें कौतुक आम्हीहि लहानपणापासून करीत आलों; पण ती जमिनीवरच्या पाण्यापर्यंत पोंचत नाहीं, हें आमच्या ध्यानीं फार उशिरां आलें. मान सुमारें २ मीटर, मणके तुम्हां-आम्हांप्रमाणें अवघे ७; खांदे मात्र जमिनीपासून त्याहूनहि उंच. म्हणून नामिबियांतील एटोशाच्या पाणवठ्यावर आलेला जिराफ कितीतरी वेळ नुसता उभा राहून चहूंकडे न्याहाळतो आणि मग पुढचे पाय फांकवून डोकें खालीं नेतो. सिंहास हवी असते ती हीच घटका! एरवीं ज्याच्या एका लाथेनें सिंह ठार व्हावा, तो येथें अगदीं अगतिक असतो.

शिवाय, मस्तकापर्यंत रक्त चढविण्यासाठीं त्याचा रक्तदाब आपल्या सुमारें दुप्पट असतो. मग वांकतांच तें रक्त उलट डोक्याकडे कां धांवत नाहीं? मानेंतील मोठ्या नीलांना झडपा असतात; हृदयाकडे निघालेलें रक्त त्या मागें फिरूं देत नाहींत.

सुदैवानें कोंवळ्या पाल्यांतूनच त्याची बरीचशी तहान भागते, त्यामुळें हा प्रसंग रोज ओढवत नाहीं. ओढवलाच, तर शेजारीं मान ताठ ठेवून उभा असलेला दुसरा जिराफ सिंहास दुरूनच हेरतो.