वीस अमिनो आम्लांची साखळी

पेप्टाइड घडवायचं काम शेवटाकडून सुरू होतं. पक्षाघातात मेंदूच्या पेशी वाचवण्यासाठी तयार झालेल्या नेरिनेटाइडच्या साखळीत वीस अमिनो आम्लं आहेत. त्यातलं शेवटचं व्हॅलिन, म्हणून रेझिनच्या बारीक दाण्यांवर आधी व्हॅलिन बसवायचं. मग ॲस्पार्टिक आम्ल, सेरीन, ग्लुटामिक आम्ल. टोकावरचा संरक्षक गट पिपरिडीनने काढायचा, दाणे डीएमएफने धुवायचे, पुढचं आम्ल जोडायचं, पुन्हा धुवायचे. हे यंत्रावरही होतं, पण प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलांना मी ते हातानेच करायला लावते.

जोडणी झाली की नाही, ते निनहायड्रिन सांगतं. काचेच्या नळीत चिमूटभर दाणे, वर थोडे थेंब, आणि काही मिनिटं उष्णता. दाणे पिवळसर राहिले तर पुढे जायचं. निळे झाले तर काही टोकं अजून मोकळी आहेत, तीच जोडणी पुन्हा. पहिली नऊ आम्लं बहुधा विनातक्रार बसतात. त्यानंतर ओळीने तीन आर्जिनिन येतात, एका ग्लुटामिननंतर आणखी दोन. आर्जिनिन मुळात अंगाने मोठं, त्यात संरक्षक गटाचं ओझं. इथे दाणे निळे दिसले की मुलांचे चेहरे पडतात.

पण या आर्जिनिनशिवाय औषध मेंदूत पोचणारच नाही. पुढची अकरा आम्लं एचआयव्हीच्या टॅट प्रथिनातून उचललेली आहेत; त्यांच्यावरच्या धन प्रभारामुळे साखळी पेशीत शिरते. खरं काम मागची नऊ करतात. रक्तवाहिनी तुंबली की मेंदूत ग्लुटामेट भरमसाट साठतं, एनएमडीए ग्राहीतून कॅल्शियम आत घुसतं आणि त्या ग्राहीला पीएसडी-९५ या प्रथिनाने जखडलेलं विकर विषारी ठरेल इतकं नायट्रिक ऑक्साइड बनवतं. ही नऊ आम्लं पीएसडी-९५ वरची जागा अडवतात. ग्राहीचं नेहमीचं काम थांबत नाही, फक्त विषाकडे जाणारा दुवा तुटतो. टोरोंटोच्या मायकेल टिमियान्स्की यांच्या गटाने २००२ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. आपण सुरुवातीला बसवलेलं व्हॅलिन आणि त्याच्या जवळचं सेरीन बदलून ॲलनिन घातलं, तर साखळी निकामी होते. म्हणून पहिल्या जोडणीत हयगय चालत नाही.

माणसांवरची मोठी चाचणी, एस्केप-एनए१, २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. १,१०५ रुग्ण होते आणि सगळ्यांची गुठळी कॅथेटरने काढली होती. तीन महिन्यांनी स्वावलंबी झालेले औषध घेणाऱ्यांत ६१.४ टक्के, न घेणाऱ्यांत ५९.२. फरक नगण्यच. मात्र गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज ज्यांना दिलं नव्हतं, त्यांच्यात हेच आकडे ५९.३ आणि ४९.८ होते. अल्टेप्लेज शरीरात प्लाझमिन तयार करतं आणि प्लाझमिन नेमकं आर्जिनिन व लायसिनपाशी साखळी कापतं. मेंदूत शिरवणारा टॅटचा भागच औषधाचा घात करत होता.

हे स्पष्टीकरण मला फार पटलं होतं. पण गुठळी विरघळवणारी औषधं न दिलेल्या रुग्णांवर केलेल्या एस्केप-नेक्स्ट चाचणीतही फायदा दिसला नाही. आता टॅटच्या भागात उलट्या घडणीची, डी-प्रकारची आम्लं घालून प्लाझमिनला दाद न देणारी साखळी तयार झाली आहे. ती घडवण्यात मला रस आहे, तरी माझं मत स्पष्ट आहे: नुसतं टिकाऊपण वाढवून भागणार नाही. प्रयोगशाळेत प्राण्याला वाहिनी तुंबल्यावर ठरलेल्या वेळी इंजेक्शन मिळतं, माणूस मात्र कितीतरी उशिरा पोचतो. औषध रुग्णवाहिकेतच देऊन पाहिलेल्या फ्रंटियर चाचणीचाही एकूण निकाल निराशाजनक ठरला.

म्हणून नातेवाइकांनी पेप्टाइडची वाट पाहू नये. गुठळी विरघळवणारं औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, की माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ टिपा आणि ताबडतोब १०८ ला फोन करा.