टाकी गळते गुपचूप, विहीर सांगते उशिरा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सांता मोनिका शहराने १९९६ साली स्वतःच्या विहिरी बंद केल्या. दुष्काळ नव्हता, विहिरी आटल्याही नव्हत्या. चारनॉक आणि आर्केडिया या दोन ठिकाणच्या पाण्यात एमटीबीई नावाचे रसायन सापडले होते. हे रसायन पेट्रोलमध्ये मिसळले जाई. शहराचा जवळपास निम्मा पाणीपुरवठा एका फटक्यात गेला.

एमटीबीई आले होते चांगल्या हेतूने. पेट्रोलमधले शिसे काढल्यावर इंजिनात नॉकिंग होऊ नये आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड कमी व्हावा, यासाठी ते घातले जात होते. हवेसाठी आणलेले औषध पाण्याला बाधले. कारण पंपाखालच्या जुन्या लोखंडी टाक्या आणि त्यांचे पाइप गंजून गळत होते.

अशी गळती पंपावर कुणाच्या लक्षात कशी येत नाही? हिशेब करून पाहा. सेकंदाला एक थेंब गळला, तर दिवसाला चारेक लिटर आणि वर्षाला सुमारे दीड हजार लिटर पेट्रोल जमिनीत जाते. दुसरीकडे, टँकरमधून आलेले वीस हजार लिटर पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत पाच अंशांनी थंड झाले, तर नुसतेच आकसून ते शंभरएक लिटरने कमी भरते. रोजची चार लिटरची तूट या चढउतारात सहज लपते.

जमिनीत उतरलेले पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने भूजलावर तवंगासारखे तरंगते. त्यातले बेंझीन हळूहळू पाण्यात विरघळते. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे निर्विवाद आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे पाच मायक्रोग्रॅम आहे. पेट्रोलमध्ये एक टक्का बेंझीन धरले, तर एका लिटर पेट्रोलमधले बेंझीन सतरा लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. शिवाय पाण्यात बेंझीनची चव किंवा वास जाणवेपर्यंत ही मर्यादा शंभर पटींहून अधिक ओलांडलेली असते. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे पाणी चांगले’ हा घरगुती न्याय इथे चालत नाही.

त्यातल्या त्यात दिलासा असा, की जमिनीतले जिवाणू बेंझीन खातात, त्यामुळे ते सहसा फार दूर जात नाही. एमटीबीईचे तसे नव्हते. ते पाण्यात झटकन विरघळते, जिवाणूंना सहजासहजी दाद देत नाही आणि पाण्याबरोबर पुढे पुढे सरकते.

मग गळका पंप शोधायचा कसा? चारनॉकच्या आसपास पंपही बरेच होते आणि इंधनवाहिन्याही. असा तपास विहिरीपासून उलटा सुरू होतो. संशयित टाक्यांजवळ बोअर घेऊन वेगवेगळ्या खोलीवरची माती काढतात आणि तिच्यातून निघणारी वाफ हातातल्या यंत्राने मोजतात. मग निदान तीन निरीक्षण विहिरी, त्याही एका रेषेत नव्हे तर त्रिकोणात. तिन्हींतली पाण्याची पातळी मोजली की भूजलाचा उतार कोणत्या दिशेला आहे ते कळते, आणि उताराच्या वरच्या अंगाला असलेले पंप संशयितांच्या यादीत राहतात. पाण्याचा नमुना घेणे हे तर नाजूक काम. बाटली काठोकाठ भरायची, हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि ती बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायची. बुडबुडा राहिला तर बेंझीन पाण्यातून त्यात निसटते आणि अहवाल खोटाच चांगला येतो.

यात आणखी एक गुंता असतो. जोरात उपसणारी विहीर चहूबाजूंचे पाणी स्वतःकडे ओढते, आणि त्याबरोबर प्रदूषणही. उपसा थांबवला की उतार बदलतो. म्हणजे आज दिसणारी दिशा गळतीच्या काळातली असेलच असे नाही.

महाराष्ट्रात हाच तपास अधिक अवघड ठरतो. वाळूत पाणी सगळीकडून झिरपते, पण दख्खनच्या काळ्या पाषाणात ते मुरमातून आणि भेगांतून वाट काढते. त्रिकोणातल्या तिन्ही विहिरी कोऱ्या निघतील आणि भेगेच्या दुसऱ्या टोकाची विहीर बाटलेली असेल, असे होऊ शकते. नवा पेट्रोल पंप शाळा, रुग्णालय आणि निवासी भागापासून ५० मीटर, अडचण असल्यास किमान ३० मीटर दूर असावा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचना सांगतात. भेगेतले पाणी मीटर मोजत बसत नाही.

विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास आला किंवा त्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला, तर ते पिऊ नये, त्याने आंघोळही करू नये आणि विहिरीजवळ काडी पेटवू नये. उकळून उपयोग नाही, कारण बेंझीन वाफेबरोबर स्वयंपाकघराच्या हवेत येते. तुरटी आणि क्लोरीनही इथे निरुपयोगी. ग्रामपंचायतीला कळवून प्रयोगशाळेत तपासणी मागावी, आणि ती करताना बेंझीनचे नाव घ्यावे. पाण्याच्या नेहमीच्या चाचणीत ते पाहिले जाईलच असे नाही.

चारनॉकचे पाणी कोळशाच्या गाळण्यांतून शुद्ध होऊन सांता मोनिकाच्या नळांना पुन्हा आले ते २०११ च्या सुमारास. मधली जवळपास पंधरा वर्षे शहर बाहेरून पाणी विकत घेत होते.