ब्लू स्क्रीन : आधी निदान, मग उपचार

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतात सकाळचे पावणेदहा होत आले असताना जगभरातले संगणक एकापाठोपाठ एक बंद पडू लागले. सुरू केला की निळी स्क्रीन, पुन्हा सुरू केला की पुन्हा निळी स्क्रीन. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. इंग्लंडमध्ये अनेक फॅमिली डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी दिसेनात. अमेरिकेत बॉस्टनच्या मास जनरल ब्रिगहॅम या रुग्णालय समूहाने तातडीची गरज नसलेल्या त्या दिवशीच्या शस्त्रक्रिया आणि तपासण्या रद्द केल्या. हा सायबर हल्लाच असावा, असे अनेकांना वाटले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणकांना फटका बसला होता. मूळ सापडले ते एका ड्रायव्हरमध्ये.

ड्रायव्हर म्हणजे संगणकाचा दुभाषा. प्रिंटर, कॅमेरा, वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड यांची प्रत्येकाची भाषा वेगळी. ती विंडोजला समजावून सांगणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. एरवी एखादा साधा प्रोग्राम बिघडला, तर तो एकटाच बंद पडतो, बाकीची कामे चालू राहतात. पण बहुतेक ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये काम करतात. तिथे मधे भिंती नसतात. एका ड्रायव्हरने मेमरीत नको त्या जागी हात घातला, तर सगळ्यांचीच माहिती बिघडू शकते. ते टाळण्यासाठी विंडोज सारे काम तिथल्या तिथे थांबवते आणि निळी स्क्रीन दाखवते. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये ती काळी असते. ताप हा जसा आजार नसून आजाराचे लक्षण असतो, तशीच ही स्क्रीन. ती घालवणे हा उपचार नव्हे. ती का आली, हे शोधायचे असते.

त्या शुक्रवारी शोध कसा लागला? बंद पडताना विंडोज मेमरीतल्या स्थितीची नोंद एका फाइलमध्ये ठेवते. तिला 'डंप' म्हणतात. त्या नोंदींमध्ये एकच नाव वारंवार येत होते : क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीचा ड्रायव्हर. तो कुठल्या उपकरणाचा नव्हता, पण काम कर्नलमध्येच करत होता. विशेष म्हणजे त्या सकाळी ड्रायव्हर बदललेलाच नव्हता. बदलली होती ती त्याला पुरवली जाणारी माहितीची फाइल. नव्या फाइलनुसार एकविसावी नोंद तपासायची होती, पण ड्रायव्हरच्या आतल्या प्रोग्रामला मिळाल्या होत्या २०च. एकविसावी वाचायला तो मेमरीत हद्दीबाहेर गेला आणि संगणक कोसळला. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या जागी 'काहीही चालेल' अशी खूण असल्याने ती नोंद वाचायची वेळच आली नव्हती. म्हणून दोष दडून राहिला.

कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. पण ज्या संगणकांनी ती घेतली होती, ते चालू होता होताच कोसळत असल्याने त्यातल्या अनेकांपर्यंत दुरुस्ती पोहोचेना. शेवटी कर्मचाऱ्यांना एकेका संगणकापाशी जाऊन, तो 'सेफ मोड'मध्ये सुरू करून, ती एक फाइल काढून टाकावी लागली. कारण नेमके कळले होते, म्हणून एवढ्यावर भागले. लाखो संगणक फॉरमॅट करावे लागले नाहीत.

आपल्या घरी किंवा दवाखान्यातल्या संगणकाबाबत मात्र नेमके उलट घडते. दोन-तीनदा ब्लू स्क्रीन आली की 'फॉरमॅट मारा' हाच सल्ला मिळतो. त्यात बॅकअप नसलेले फोटो, हिशेब, रुग्णांच्या नोंदी जातात आणि दोष हार्डवेअरचा असेल तर आठवड्यात दुखणे पुन्हा हजर. त्यापेक्षा आधी बॅकअप घ्यावा आणि पायरीपायरीने निदान करावे.

पहिली पायरी इतिहासाची. त्रास कधीपासून आहे? त्याच्या आसपास नवा प्रिंटर जोडला का, अपडेट आले का? संगणक नेमके काय करताना बंद पडतो : व्हिडिओ पाहताना, प्रिंट देताना, की झोपेतून जागा होताना? विंडोजमधला 'रिलायबिलिटी मॉनिटर' कोणत्या दिवशी काय बिघडले आणि काय बसवले गेले, हे तारखेनुसार दाखवतो.

दुसरी पायरी, स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढावा. तिच्यावरचा 'स्टॉप कोड' आणि कधी कधी दिसणारे फाइलचे नाव जाणकाराच्या उपयोगी पडते. डंप वाचण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे 'विनडीबीजी' हे साधन मोफत मिळते.

तिसरी पायरी सेफ मोडची. यात विंडोज मोजक्या, मूलभूत ड्रायव्हरवर चालते. एरवी तासाभरात कोसळणारा संगणक इथे दिवसभर टिकला, तर संशय बाहेरून बसवलेल्या ड्रायव्हरवर जातो.

चौथी पायरी, 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये जाऊन संशयित ड्रायव्हर आधीच्या आवृत्तीवर न्यावा किंवा उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा घ्यावा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' अशी जाहिरात करणाऱ्या ॲपपासून दूर राहावे. एका वेळी एकच बदल करावा आणि काही दिवस वाट पाहावी. पाच औषधे एकदम सुरू केली, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. हृदयविकारात कधी दुखतो तो डावा हात, पण आजार हातात नसतो. तसेच डंपमध्ये ज्या फाइलचे नाव येते, ती दोषी असेलच असे नाही. एका ड्रायव्हरने बिघडवलेल्या मेमरीवर दुसराच अडखळतो आणि नाव त्याचे येते. विंडोजच्या स्वतःच्या मुख्य फाइलचे नाव तर वरचेवर दिसते. दर वेळी एकच नाव आले, तर संशय बळावतो. दर वेळी नवे नाव आले, तर रॅम तपासावी. त्यासाठी विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' असते. 'ड्रायव्हर व्हेरिफायर' हे साधन ड्रायव्हरवर मुद्दाम ताण देऊन दोष उघड करते. पण ट्रेडमिल चाचणी जशी डॉक्टरांच्या देखरेखीखाली करतात, तशी ही जाणकारासमोरच करावी, कारण त्यात संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो.

अपडेट बंद ठेवणे हाही उपाय नव्हे; त्याने सुरक्षेची दारे उघडी राहतात. जिथे अनेक संगणकांवर लोकांचे जीव अवलंबून असतात, तिथे अपडेट आधी दोन-चार संगणकांवर द्यावे, ते नीट चालल्यावरच इतरांना. त्या शुक्रवारनंतर क्राउडस्ट्राइकनेही अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठवण्याची पद्धत स्वीकारली. आणि वीज असो, संगणक असो वा नसो, रुग्णाचे नाव, औषध आणि मात्रा लिहायला कागदी केसपेपरचा गठ्ठा प्रत्येक वॉर्डात तयार असावा.