व्हॉलीबॉलचे प्राथमिक शिक्षण आणि बालवयातील व्यायाममर्यादा

पावसाळा सुरू होऊन शाळा रुळावर आल्या की आपल्या चिकित्सालयांत एका विशिष्ट वयाचे रुग्ण वाढू लागतात. आठवी-नववीत शिकणारी, तेरा-चौदा वर्षांची मुले. कोणाचे बोट सुजलेले, कोणाचा घोटा मुरगळलेला, तर कोणी गुडघ्याच्या वाटीखालील उंचवट्यावर बोट ठेवून "येथे दुखते" असे सांगणारा. खोदून विचारले असता बहुधा उत्तर मिळते, ते शालेय व्हॉलीबॉल स्पर्धेच्या तयारीचे. आपण लेप देतो, विश्रांती सांगतो. तथापि हा खेळ मुलांना कोणत्या क्रमाने शिकविला जात आहे, याची चौकशी आपण क्वचितच करतो. वस्तुतः निदानपरिवर्जन हीच चिकित्सेची पहिली पायरी असल्याने ही चौकशी वैद्याच्या कर्तव्यात मोडते.

वाग्भटाचार्यांनी दिनचर्याध्यायात व्यायामास अयोग्य व्यक्तींमध्ये वातपित्तरोगी, वृद्ध व अजीर्णी यांच्याबरोबर बालकाचाही समावेश केला आहे. सोळा वर्षांपर्यंतचे वय बाल मानावे आणि या वयात धातू अपरिपक्व असतात, हेही शास्त्रसंमत आहे. मग आठवीतील मुलाने खेळूच नये काय? असा अर्थ काढणे मला ग्राह्य वाटत नाही. निषेध आहे तो शरीराला आयास देणाऱ्या कर्माचा. चेंडूखाली योग्य जागी पोहोचणे, हात योग्य रीतीने जुळविणे, दृष्टी व हस्त यांचा मेळ साधणे, हा अभ्यास प्रामुख्याने कौशल्याचा आहे. बलवान प्रौढासही अर्धशक्तीचीच मर्यादा घातलेली असताना अपरिपक्व धातूंच्या मुलाकडून दिवसाकाठी शंभर उड्या मारून घेणे मात्र शास्त्राच्या कोणत्याही अर्थाने समर्थनीय नाही. यात भर ऋतूची. तयारी चालते ती वर्षा ऋतूत, जेव्हा अग्नी मंद व बल हीन असते आणि मैदान निसरडे असते.

या खेळाचा मूळ हेतूही ध्यानात घेण्याजोगा आहे. 1895 साली अमेरिकेतील होलिओक येथे विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल बेतला, तो बास्केटबॉलची दगदग ज्यांना सोसवत नाही अशा मध्यमवयीन सभासदांसाठी. उंच उडी मारून जोरदार स्मॅश मारणे हे त्याचे आजचे आकर्षण. परंतु मुलांच्या शिक्षणाचा आरंभ तेथून होऊ नये. दुर्दैवाने तो बहुधा तेथूनच होतो, कारण मुलांनाही तेच हवे असते.

आरंभ उभे राहण्यापासून करावा. पाय खांद्याइतके फाकलेले, एक किंचित पुढे, गुडघे वाकलेले, भार तळपायाच्या पुढील भागावर. त्यानंतर खालून द्यावयाचा पास, म्हणजे अंडरआर्म. दोन्ही अंगठे समांतर ठेवून हात जुळवावेत, कोपर सरळ ठेवावेत आणि चेंडू मनगट व कोपर यांच्यामधील सपाट भागावर घ्यावा. मनगटावर चेंडू आदळला की मणिबंध दुखावतो. शूटिंगबॉलची सवय असलेली खेड्यातील मुले प्रथम बंद मुठीनेच चेंडू ठोकतात. ती सवय मोडण्यास आठवडाभर जातो, तो जाऊ द्यावा. येथे मुख्य तत्त्व असे की हात झोकावयाचे नाहीत, जोर पायांतून यावा. जोडीदाराने तीन मीटरवरून दोन्ही हातांनी अलगद चेंडू टाकावा आणि मुलाने सरकून तो आपल्या पोटासमोर येईल अशा बेताने उभे राहावे. पहिले काही दिवस चेंडू नुसता झेलला तरी पुरे.

बोटांनी द्यावयाचा पास त्यानंतर. कपाळाच्या वर दोन्ही हातांचे अंगठे व तर्जनी यांचा त्रिकोण करून त्यातून चेंडू पाहावा. स्पर्श बोटांच्या पेरांचा, तळव्याचा नव्हे. अंगठा चेंडूच्या दिशेने ताठ ठेवणारे मूल हमखास बोट दुखावून घेते. सर्व्हिस प्रथम खालून, जाळीपासून पाच-सहा मीटरवरून. नऊ मीटरची रेषा पुढे पाहता येईल. स्मॅश व ब्लॉक सर्वांत शेवटी. तेही दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरता येऊ लागल्यावरच. घोटा मुरगळतो तो बहुतेक वेळा जाळीजवळ, दुसऱ्याच्या पायावर पाय पडून.

साधनांकडेही पाहावे. नियमानुसार चेंडू 260 ते 280 ग्रॅम वजनाचा व त्यातील दाब प्रति चौरस सेंटीमीटर 0.30 ते 0.325 किलोग्रॅम असावा. सायकलच्या दुकानात नेऊन दगडासारखा फुगविलेला चेंडू कोवळ्या बोटांवर काय परिणाम करीत असेल, हे सांगणे नलगे. जाळीची उंची पुरुषांसाठी 2.43 मीटर व महिलांसाठी 2.24 मीटर आहे. सव्वाचार-साडेचार फुटांच्या मुलासाठी तीच जाळी तशीच ठेवणे म्हणजे त्याला उड्या मारण्यास भाग पाडणे होय. सरावात दोर खाली बांधण्यास खर्च येत नाही. चाळीस मुले व एक चेंडू, हा प्रकार तर सर्वत्र आहे. पाळी आली की मूल सारा जोर एका फटक्यात काढते. चार-पाच जुने, हलके चेंडू मिळवून तिघा-चौघांचे गट केले तर हे आपोआप थांबते. मुख्याध्यापक किंवा क्रीडाशिक्षक यांच्याशी आपला परिचय असतोच. वैद्याने सांगितलेले ते सहसा ऐकतात.

सरावाचा काळ पाऊण तासाहून अधिक नको. तोंडाने श्वास घेण्याची वेळ येणे हे बलार्धाचे सुश्रुतोक्त लक्षण क्रीडाशिक्षकांस अवश्य समजावून द्यावे. घड्याळापेक्षा ते अधिक विश्वसनीय आहे. भोजनोत्तर लगेच सराव नको, तसेच रात्रीपासून उपाशी असलेल्या मुलास पहाटे मैदानावर पळविणेही नको.

गुडघ्याच्या वाटीखाली, जेथे मांडीच्या स्नायूंची कंडरा नडगीच्या हाडास जोडली जाते, तेथे स्पर्शासहत्व व उंचवटा आढळल्यास "वाढीचे दुखणे" म्हणून सोडून देऊ नये. आधुनिक वैद्यकात यास ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. अशा मुलाच्या उड्या बंद कराव्यात. खेळ सर्वस्वी बंद करण्याचे कारण नसते, कारण उभ्याने पास देण्याचा सराव वेदना नसल्यास चालू राहू शकतो. ही मुभा आपण दिली नाही तर पुष्कळ मुले कायमची मैदानाबाहेर जातात, असा माझा अनुभव आहे.

औषधी दुकान चालविणाऱ्या बंधूंना एक विनंती. बोट दुखावलेले मूल प्रथम आपल्याकडे येते व मलम मागते. बोट ओढून "बसविण्याचा" प्रयत्न घरी झालेला असतोच. ताज्या सुजेवर मर्दन करण्यास सांगू नये. थंड पाण्याची पट्टी, हात उंच ठेवणे, त्वचा अभंग असल्यास आंबेहळद-रक्तबोळाचा लेप. मात्र त्यापूर्वी मुलास बोटाचे शेवटचे पेर स्वतःहून सरळ करावयास सांगावे. ते लोंबत राहिले तर कंडरा तुटलेली किंवा हाडाचा तुकडा निघालेला असण्याचा संभव असतो. क्ष-किरण तपासणी करून ते पेर सहा ते आठ आठवडे अखंड सरळ बांधून ठेवावे लागते. मधे एकदा जरी वाकले तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. सुश्रुतांच्या कुशाबंधनाचा हा अगदी छोटा विषय. पण लेपाची पुडी देऊन मूल परत पाठविले तर ते बोट जन्मभर वाकडे राहू शकते.