आजीचा आवाज मागे, कूलर पुढे! छोट्या रेकॉर्डरवर आवाज स्वच्छ कसा घ्यायचा?

आजीच्या ओव्या, आबाजींच्या शेतातल्या गोष्टी, जुन्या लग्नातली गाणी रेकॉर्ड करून ठेवावीत, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यासाठी हातात मावणारा रेकॉर्डरही घेतला जातो. पण नंतर ऐकायला बसलं की कूलरची घरघर पुढे आणि आजी कुठेतरी मागे. असं का होतं?

हे एवढं महत्त्वाचं का?

पुण्यातले अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल या कामात आले आणि त्यांनी १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण केलं. त्यामुळे आज त्या बायकांचा गळा, ठेका, श्वासही ऐकता येतो. शब्द कागदावर उतरवता येतात, बोलीचा हेल उतरवता येत नाही. उमरेडच्या पूर्वेला झाडीबोलीचा पट्टा सुरू होतो. तिथल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं टिकवायचं तर आवाजच लागतो.

चूक माइकची की अंतराची?

बहुतेक वेळा अंतराची. आपला कान नको ते आवाज बाजूला सारतो. माइकला ते जमत नाही, तो सगळंच टिपतो.

मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की बोलणाऱ्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. रेकॉर्डर ८० सेंटिमीटरवरून २० सेंटिमीटरवर आणला, तर जवळपास १२ डेसिबलचा फायदा होतो. खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. म्हणून तोंडापासून एक वीत अंतर ठेवा. रेकॉर्डर अगदी तोंडासमोर नको, थोडा बाजूला आणि तिरका धरा. नाहीतर 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका माइकवर बसतो. सोबत स्पंजची टोपी आली असेल तर तीही लावा.

कूलरचं काय करायचं?

उमरेडच्या मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला भरदुपारी कूलर बंद करून बसवू नका. सकाळी ६ ते ८ ही वेळ गाठा. हवा थंड असते, पंख्याशिवाय बसता येतं. घर कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्यावर असेल, तर मागची खोली निवडा.

रिकाम्या, फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. गाद्या, गोधड्या, कपड्यांनी भरलेली खोली त्यासाठी उत्तम.

सेटिंग काय ठेवायचं?

* फॉरमॅट: एमपी३ नको, वेव्ह ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओमध्ये तासाला साधारण १ जीबी जागा लागते.
* लेव्हल: ऑटो बंद करा. ऑटोवर आजी थांबल्या की मागचा गोंगाट वर येतो. मोठ्यात मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. मीटर शून्याला टेकला की आवाज फाटतो, तो नंतर नीट होत नाही.
* लो कट: पंख्याची, गाड्यांची खोल घरघर कमी करतो. असेल तर चालू ठेवा.
* हात: रेकॉर्डर हातात धरला तर बोटांची खरखर येते. घडी घातलेल्या टॉवेलवर किंवा छोट्या स्टँडवर ठेवा.

सुरू करण्याआधी

इअरफोन लावून अर्धा मिनिट चाचणी घ्या. आजींना विचारा, हे कोणाला ऐकवलं तर चालेल? होकार मिळाला की सुरुवातीलाच त्यांचं नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या.

काम झालं की फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर ऑडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गोंगाट काढणारी ॲप्स थोडी मदत करतात, पण गोंगाटात बुडालेला शब्द परत आणू शकत नाहीत. तो शब्द पुन्हा म्हणायला आजी नेहमीच असतील असं नाही.