मनाच्या आजाराची फाईल

वस्तीत ताप लपवत नाहीत, मनाच्या आजाराच्या गोळ्या लपवतात. पोरीचं लग्न ठरत आलं की औषधच बंद! नर्स म्हणून हे फार पाहिलं.

बायांनो, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३ वाचा. होणारे सासरे, मालक, नगरसेवक, कुणीही विचारो, दवाखान्याने माहिती द्यायची नाही. उपचार करणाऱ्यांना, रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला, न्यायालयासारख्या अधिकृत यंत्रणेच्या हुकमाने आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी देता येते. कुणाच्या जिवाला धोका असेल तर तेवढ्यापुरतीच.

प्रतिनिधी साध्या कागदावर सही किंवा अंगठ्याने नेमता येतो, त्याची लेखी संमती घ्या. तो नवराच हवा असं नाही. मी तर म्हणते, विश्वासाची बहीण बरी. कलम २५ प्रमाणे आपली फाईल आपल्यालाही मागता येते.