उतावळ्या हृदयाशी संसार

ज्वर आला तर घरातील सर्वांस कळतो. पाय मोडला तर शेजाऱ्यांसही दिसतो. परंतु स्वस्थ बसले असताही ज्याचे हृदय धावत असते, त्याचे दुखणे त्याच्याखेरीज कोणास दिसत नाही. तो सर्वांबरोबर जेवतो, आल्यागेल्याशी बोलतो, आणि त्याच वेळी छातीत कोणी घण घालीत आहे असे त्यास वाटत असते. घरची मंडळी म्हणतात, "तुम्हांला काही झालेले नाही; उगीच मनास लावून घेता." तपासणीचा कागदही पुष्कळदा तेच सांगतो. मग हे होते तरी काय, आणि अशा माणसाने व त्याच्या घराने वागावे कसे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

या अवस्थेचे एक अत्यंत प्रामाणिक वर्णन आमच्याच नगरच्या भुईकोट किल्ल्यात लिहिले गेले आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीची मंडळी या किल्ल्यात आणून ठेवण्यात आली. पंडित नेहरूंनी आपला 'भारताचा शोध' येथेच १९४४ साली लिहिला, हे शाळेतील मुलांसही ठाऊक असते. त्यांचे सहबंदी आणि काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद हे मात्र पत्रे लिहीत. तीही पाठविता न येणारी! ती १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने उर्दूत प्रसिद्ध झाली.

१९४३ साली मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास अत्यवस्थ झाल्या. सरकारकडे काही विनंती करावयाची असल्यास ती तत्काळ पोचवू, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचविले. मौलानांनी ते साफ नाकारले. नित्यक्रम तसूभरही ढळू द्यावयाचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. वर्तमानपत्रे दुपारी बारा-एकच्या सुमारास येत. ती घेऊन जेलर आपल्या कचेरीतून निघाल्याची चाहूल लागली की, आज कोणती बातमी असेल या विचाराने आपले हृदय धडधडू लागे, असे त्यांनी लिहिले आहे. जेलर समोर आला म्हणजे मात्र ते नेहमीप्रमाणे स्मित करीत, वर्तमानपत्र मेजावर ठेवण्याची खूण करीत आणि जणू काही घाईच नाही अशा रीतीने लिहीत राहात. ९ एप्रिल रोजी ज्या वार्तेचे भय होते ती आलीच. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, ते सारे स्थैर्य म्हणजे मनाच्या अभिमानाने वठविलेले सोंग होते. अशा झुंजीत बुद्धी थकत नाही, पण शरीर आतल्या आत झिजते. एवढ्या धीराच्या पुरुषाचे हृदय पावलांच्या आवाजाने धडधडावे, यावरून धडधड आणि भ्याडपणा या दोन भिन्न वस्तू आहेत हे स्पष्ट होते.

याच जिल्ह्यात, नेवाशास, शके १२१२ मध्ये म्हणजे इ. स. १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मूळ गीतेच्या पहिल्या अध्यायातील अर्जुनाची दशा आठवावी. तोंडास कोरड, अंगास कंप, रोमांच, त्वचेचा दाह, हातून निसटणारे धनुष्य, भ्रमणारे मन. आजच्या शरीरशास्त्रज्ञापुढे ही यादी ठेविली, तर ही भयाने चेतलेल्या मज्जातंतूंची लक्षणे आहेत असेच तो म्हणेल. भगवंतांनी प्रथम कानउघाडणी केली हे खरे. परंतु तेवढ्याने अर्जुन उठला नाही. संवाद अठराव्या अध्यायापर्यंत चालला, तेव्हा तो उभा राहिला. नुसते "मन घट्ट कर" म्हणून मोकळे होणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता थोडे शरीराविषयी. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक चिमुकली ग्रंथी असते. ठोक्याचा आरंभ तेथे होतो. कीथ व फ्लॅक या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ती १९०७ साली दाखवून दिली. ती मोकळी सोडली तर मिनिटास सुमारे १०० ठोके देते. मेंदूकडून येणारी एक मज्जा तिला लगामासारखी आवरते, म्हणून स्वस्थ माणसाची नाडी बहुधा सत्तरीच्या आसपास राहते. दुसऱ्या बाजूच्या मज्जा भय, श्रम व क्रोध यांच्या वेळी तिला टाच मारतात. प्रौढ माणसात विश्रांतीच्या वेळी ६० ते १०० हे प्रमाण सामान्य समजतात. ७२ च्या गतीने दिवसाचे १,०३,६८० ठोके होतात. १०० च्या गतीने १,४४,००० होतात. धडधडीने भय वाटते, भयाने धडधड वाढते, आणि हे रहाटगाडगे फिरत राहते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या सैनिकांत डा कोस्टा या वैद्याने हाच प्रकार पाहून १८७१ साली त्याचे सविस्तर वर्णन केले होते.

परंतु दोष मनावर टाकण्यापूर्वी शरीर नीट तपासून घेतले पाहिजे. रक्त कमी असले की हृदयास अधिक फेऱ्या माराव्या लागतात. आणि महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांस रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेची छाती धडधडते, तेव्हा तिला 'भित्री' म्हणण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन पाहावे. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी अधिक काम करू लागली तरी नाडी धावते, वजन उतरते, हात कापतात. ज्वर, अंगातील पाणी कमी होणे, दम्याची व सर्दीची काही औषधे, वारंवार चहा, तंबाखू व तपकीर हीही कारणे आहेत. म्हणून रक्ताची व थायरॉइडची तपासणी आणि हृदयाचा विद्युत्-आलेख एवढे तरी झालेच पाहिजे. धडधड अधूनमधून येत असेल तर चोवीस तासांचा आलेखही काढतात.

आमची स्वतःची नाडी गेली अकरा वर्षे स्वस्थ बसलो असता ९५ ते १०५ यांच्या दरम्यान चालते. वरील सर्व तपासण्या झाल्या. हृदय निर्दोष ठरले. वेग मात्र राहिला. या सोबत्याशी संसार करताना जे उपयोगी पडले, ते सांगतो.

पहिले, नाडी सतत मोजू नये. शार्ङ्गधराने नाडीच्या चालीस सर्प, बेडूक व हंस यांच्या उपमा दिल्या. आज मनगटी घड्याळ क्षणोक्षणी आकडा दाखविते, आणि प्रत्येक आकडा नव्या भयास निमंत्रण देतो. डॉक्टरांनी सांगितले असेल तेव्हाच, पाच मिनिटे शांत बसून, पूर्ण एक मिनिट मोजावी व वहीत लिहावी. दुसरे, श्वास. श्वास सोडताना हृदय किंचित मंदावते, म्हणून संध्येतील रेचक पूरकापेक्षा लांब करावा. मिनिटास सुमारे सहा श्वास, दहा मिनिटे. श्वास कोंडून धरण्याचा हट्ट नको. तिसरे, डॉक्टरांच्या अनुमतीने रोज चालणे. काही आठवड्यांत विश्रांतीची नाडी पुष्कळांची उतरते. चौथे, दुपारनंतर चहा नाही, आणि निजण्याची वेळ ठरलेली. जेम्स ब्लॅक यांनी शोधलेल्या प्रोप्रॅनोलॉल जातीची औषधे गती कमी करतात. परंतु दमेकऱ्यास ती बाधतात व एकाएकी सोडल्यास अपाय होतो, म्हणून शेजाऱ्याची गोळी कधीही घेऊ नये. भयच प्रबळ असेल तर मानसोपचाराने खरोखर गुण येतो; सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

छातीत कळ, मूर्च्छा, बसल्या जागी धाप, किंवा एकाएकी सुरू होणारी अतिशय वेगाची वा अनियमित धडधड असेल, तर मात्र 'नेहमीचेच आहे' असे कोणी म्हणू नये. तत्काळ १०८ ची गाडी बोलवावी.

घराचे काम याहून सोपे आणि याहून अवघड आहे. मौलानांस बंदिवासात सोंग करावे लागले. आपल्या माजघरात ते कोणास करावे लागू नये. "धडधडते आहे" असे कोणी म्हटले, तर उपदेश न करता जवळ बसावे, पेलाभर पाणी द्यावे आणि विचारावे, "थोडे चालून येऊ या का?" आमच्या घरी हे काम बहुधा धाकटी नात करते, आणि तिच्याबरोबर कोपऱ्यावरच्या पारापर्यंत जाऊन परत येईतो नाडीचे स्मरणही राहात नाही.